ठेवणीतले हक्क आणि एक लाल कंदील

न्युरेम्बर्गमधल्या आमच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी दोन टेबलं समोरासमोर जोडून ठेवलेली आहेत. त्यांच्या सांध्यावर, बरोबर मधोमध, तीन वर्षं एक लाल कंदील उभा होता. खराखुरा, पत्र्याचा, एका बाजूने काच तडकलेला, तळाला गंजलेला. खेळाच्या तक्त्यात जो संघ तळाला असतो त्याच्या हाती लाल कंदील आहे, असं जर्मनीत म्हणतात. आगगाडीच्या शेवटच्या डब्याला लाल दिवा टांगतात ना, तो. बाकीची जनता हे नुसतं म्हणते. आमच्या ऑफिसातल्या उत्साही मंडळींनी जुन्या बाजारातून कंदील शोधून आणला. सगळ्यात वाईट हरणाऱ्याने तो वर्षभर टेबलावर ठेवायचा, असा नियम. झाकायचा नाही, कपाटात घालायचा नाही, त्याच्यापुढे कुंडी आणून उभी करायची नाही. शेवटचा नियम माझ्यामुळे करावा लागला.

खेळ कोणता ते सांगतो. घाबरू नका, मलाही पहिली दोन वर्षं कळला नव्हता. खेळ अमेरिकन फुटबॉल. त्यात पायाचा संबंध थोडाच. एक जण चेंडू फेकतो आणि दुसरे जिवाच्या आकांताने पळत जाऊन तो झेलतात. या झेलणाऱ्यांना रिसीव्हर म्हणतात. आमच्यापैकी कुणी मैदानात उतरत नाही, आम्ही कागदावर संघ बांधतो. तिकडे अमेरिकेत खऱ्या खेळाडूने रविवारी जे काही दिवे लावले, त्याचे गुण इकडे सोमवारी आमच्या कागदी संघाला मिळतात. ऑफिसात असे दहा संघ. दर वर्षी हंगामाआधी नवे खेळाडू वाटून घेतात, आणि प्रत्येक फेरीत कुणी कितवं निवडायचं याचे हक्क ठरलेले असतात. त्यांना ड्राफ्ट पिक म्हणतात. जो तळाला, त्याचा पहिला हक्क. म्हणजे अशक्त पाहुण्याला आधी वाढायचं. हे हक्क खेळाडूंसारखेच एकमेकांना देता येतात, अगदी पुढच्या वर्षीचेसुद्धा.

एवढं कळलं की माझं अधःपतन समजायला काही अडचण नाही.

संघ माझ्या एकट्याचा नव्हता. समोरच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा तो मूळचा, मी अर्धा भागीदार. ऑफिसात आम्ही एकमेकांना ‘डू’ म्हणायचो, म्हणजे तू. पण गृहस्थ माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे, त्यामुळे मराठीत सांगताना माझ्या तोंडून अहो-जाहोच येणार. उंच, वाळके, चाचणी विभागात आयुष्य काढलेले. रोज दहाच्या ठोक्याला खिशातला चाकू काढून सफरचंद कापायचे. मी नवा होतो तेव्हा कॅन्टीनमध्ये ट्रे घेऊन, शाकाहारी काय आहे ते वाचत, एकटा उभा असायचो. बटाटा असायचा. कायम बटाटा. एकदा हे शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “तुला अमेरिकन फुटबॉल कळतो?”

“नाही.”

“छान. मलाही फारसा नाही. माझ्या संघात ये.”

त्या दिवसापासून मी कॅन्टीनमध्ये एकटा जेवलो नाही. हरलो मात्र भरपूर.

आमची कामाची वाटणी साधी होती. कोणत्या आठवड्यात कुणाला खेळवायचं ते त्यांनी बघायचं. हक्कांचा कारभार माझ्याकडे. का? कारण ठेवणं हे माझ्या रक्तात आहे. आमच्या घरी ठेवणीतली चादर होती, ती पाहुण्यांसाठी. ठेवणीतले कप होते, ते त्याहून मोठ्या पाहुण्यांसाठी. ते मोठे पाहुणे काही शेवटपर्यंत आले नाहीत. न्युरेम्बर्गला आल्यावर मी तीच परंपरा तळघरात नेली. इथे प्रत्येक घराला तळघरात एक जाळीची खोली मिळते, केलर म्हणतात तिला. आमच्या केलरमध्ये टीव्हीचं रिकामं खोकं आहे, थर्मोकोलसकट. मिक्सरचं आहे. छापील कागदात गुंडाळलेला, एकदाही न उघडलेला डिनर सेट आहे. कारण आम्ही पुढच्या वर्षी पुण्याला परत जाणार आहोत. अकरा वर्षं झाली, आम्ही पुढच्या वर्षी परत जाणार आहोत.

तर अशा माणसाच्या हाती निवडीचे हक्क दिले की काय होणार! आम्ही तळाला आलो की पहिला हक्क आमचा. मी तो वापरायचो नाही. कुणाला तरी देऊन त्याच्या बदल्यात पुढच्या वर्षीचे दोन घ्यायचो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. कागदावर आमच्यासारखा श्रीमंत संघ ऑफिसात दुसरा नव्हता, आणि मैदानावर आमच्यासारखा भिकार.

त्या नोव्हेंबरात सगळेच दमलेले होते. दुपारी साडेचारला अंधार पडायचा. विभागांची फेररचना चालली होती, तिच्याबद्दलच्या बैठका चालल्या होत्या, आणि त्या बैठकांची तयारी करायच्या बैठका. माझा गुडघा जिना चढताना खुट्ट वाजायचा. संघ सलग आठव्यांदा हरला होता आणि सोमवारी सकाळी गुणांचा तक्ता उघडताना मला ना राग यायचा ना लाज वाटायची. दाढी करताना आरशात बघावं तसा तक्ता बघायचो.

अशा एका मंगळवारी, सफरचंदाच्या वेळी, समोरून आवाज आला, “आल्झो.”

जर्मन माणूस ‘आल्झो’ म्हणून थांबला की आपण हातातलं काम खाली ठेवावं. पुढे काहीतरी येतंय.

“आल्झो. आपला फेकणारा चांगला आहे,” ते म्हणाले. “पण झेलायला कुणी नाही. तुझ्या त्या हक्कांपैकी काही देऊन एखादा रिसीव्हर घ्यावा का?”

मी उभा राहिलो. मला बसून भाषण देता येत नाही. “हे बघ,” मी म्हणालो, “आज तू एक रिसीव्हर घेशील. तो उद्या लंगडेल. मग? हक्क गेला आणि माणूसही गेला. थोडं थांब. पुढच्या वर्षी पहिल्या फेरीचे तीन हक्क आपल्या हातात आहेत. तीन! सगळे नवे रिसीव्हर आपल्या दारात रांग लावतील.”

“पुढच्या वर्षी,” ते म्हणाले.

“पुढच्या वर्षी!” मी दोन्ही हात पसरले.

त्यांनी थोडा वेळ कंदिलाकडे पाहिलं. मग “गेनाऊ” म्हणाले, म्हणजे बरोबर, आणि सफरचंदाची एक फोड माझ्यापुढे केली. मी ती विजयाचा प्रसाद म्हणून खाल्ली.

संध्याकाळी जेवताना मी हा प्रसंग घरी करून दाखवला. करून दाखवल्याशिवाय मला सांगता येत नाही. चाकू मिटणं, आल्झो, माझं भाषण, सगळं. बायको पोळ्या लाटत होती. तिने लाटणं थांबवलं.

“अहो, एक मिनिट. पुढच्या वर्षी ते कुठे असणार आहेत?”

“कुठे म्हणजे? माझ्यासमोर.”

“डिसेंबरात निवृत्त होतायत ना ते? निरोपाला श्रीखंड न्यायचं की गुलाबजाम, हे तुम्हीच मला ऑगस्टमध्ये विचारलंत.”

मी विचारलं होतं. कॅलेंडरमध्ये त्यांच्या निरोपाचं आमंत्रण आलं तेव्हा ‘येणार’ वर मीच बोट दाबलं होतं. आमच्या खेळात फक्त नोकरीत असलेली माणसं राहतात, हा नियमही मला तोंडपाठ होता. तिन्ही गोष्टी माझ्या डोक्यात होत्या, वेगवेगळ्या खोक्यांत, थर्मोकोलसकट.

आमच्या चौदा वर्षांच्या कन्येला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती जर्मनमध्येच देते. “पापा,” ती म्हणाली, “पाइनलिश.” लाजिरवाणं आहे हे. त्या शब्दाला आमच्या घरात भाषांतराची गरज उरलेली नाही.

“हसू नका,” बायको मला म्हणाली. मी हसत नव्हतो. माझा चेहराच तसा आहे.

दुसऱ्या दिवशी मी दहाची वाट पाहिली नाही. कोट काढायच्या आधीच विचारलं, “तू मला काल सांगितलं का नाहीस?”

“तू इतका खुशीत होतास,” ते म्हणाले. मग कंदिलाकडे बोट करून, “मला जिंकायचं नाही. ते काही होणार नाही. पण शेवटच्या दिवशी मी टेबल आवरेन. खोकं भरेन, कप, कुंडी, बायकोने दिलेलं घड्याळ. आणि जाताना एकदा मागे वळून बघेन, सगळेच बघतात. तेव्हा हा इथे नसावा. एवढंच.”

एवढंच. आमच्या वरच्या, म्हणजे नवव्या क्रमांकाच्या संघाला गाठायचं, फक्त एवढंच. तो संघ आयटी सपोर्टमधल्या एका दाढीवाल्याचा होता. आणि रिसीव्हर होते खरेदी विभागातल्या बाईंकडे. त्या तक्त्यात पहिल्या. त्यांच्याकडे चांगले रिसीव्हर इतके की अर्धे नुसते बसून असायचे.

मी त्यांना कॉफीच्या खोलीत गाठलं. एका तगड्या रिसीव्हरकडे बोट दाखवलं.

“पहिल्या फेरीचे दोन हक्क,” त्या म्हणाल्या.

“एक.”

“दोन.”

“एक, आणि वर दुसऱ्या फेरीचा एक.”

“दोन.”

आता अशा वेळी काय करायचं असतं हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी खिन्न हसलो. कप धुवायच्या मशिनमध्ये ठेवला. “राहू दे मग,” म्हणालो आणि निघालो. सावकाश. निघून जाण्यातही कसब असतं. पाठ दिसली पाहिजे, पण घाई दिसता कामा नये. दाराशी बुटाची नाडी बांधली, सुटलेली नसताना. माझ्या उभ्या आयुष्यात मला तिसऱ्या पावलाच्या आत “अहो साहेब, या, या, काय द्यायचं ते द्या” अशी हाक आली नाही असं झालेलं नाही. कॉरिडॉर संपला. प्रिंटर आला. प्रिंटरपाशी मी उगाच कागद भरला. मग न राहवून मागे वळून बघितलं. बाई दही खात होत्या.

दुपारी तक्त्यावर नोंद आली. तो रिसीव्हर विकला गेला होता, दोन हक्कांना. दाढीवाल्याला.

हे समोर बसलेल्या माणसाला सांगणं भाग होतं.

“म्हणजे तू निघून गेलास?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“पण तुला तो हवा होता.”

“हवाच होता.”

“मग निघून का गेलास?”

“ती हाक मारेल म्हणून.”

चाचणी विभागातला माणूस. त्यांनी या उत्तराकडे बिघडलेल्या यंत्राकडे पाहावं तसं बराच वेळ पाहिलं. “तू थांबला आहेस, हे तिला माहीत होतं का?”

“नाही.”

“मग ती हाक कशी मारेल?”

याला माझ्याकडे एक उत्तर होतं, पण त्यासाठी त्यांना एकदा पुण्यात चपला घ्यायला न्यावं लागलं असतं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खिडकीबाहेर बघत राहिले आणि मला एकदम जाणवलं की हा माणूस दमलाय, आणि मीही दमलोय, आणि आमच्या दोघांच्या दमण्यात एवढाच फरक आहे की त्यांना सुटीची तारीख आहे.

मी उठलो आणि जिन्याने खरेदी विभागात गेलो. गुडघा प्रत्येक पायरीला वाजला. बाईंकडे उरलेल्या रिसीव्हरांपैकी दोन देण्याजोगे होते. एकाची पिंढरी बांधलेली, आणि दुसरा इतका जुना की तोच त्यांच्या संघात आहे हे बाईंना आठवावं लागलं.

“तीन,” त्या म्हणाल्या. “पहिल्या फेरीचे, तिन्ही.”

“घे,” मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली. “तू बरा आहेस ना?”

माझं तीन वर्षांचं ठेवणीतलं सगळं एका क्षणात गेलं. केलरला आग लागल्यासारखं वाटायला हवं होतं. पायऱ्या उतरताना मला फक्त कॉफी हवी होती.

पुढचे आठवडे सांगण्यासारखे नाहीत. बांधलेल्या पिंढरीचा गृहस्थ एकदा पळाला आणि पुन्हा बांधून बसला. म्हाताऱ्याने कुठे एखादा झेल घेतला. पण आमचा फेकणारा भलताच रंगात आला, आणि कसेबसे आम्ही दोन सामने जिंकलो. दाढीवाल्याचे मात्र गुण वाढत होते, माझ्या हातून सुटलेल्या त्या तगड्याच्या जोरावर. नाताळच्या सुट्टीआधीचा शेवटचा सामना आमचा आणि दाढीवाल्याचा. जो हरेल त्याचा कंदील.

त्या रविवारी संध्याकाळी सात वाजता माझे भागीदार आणि त्यांची पत्नी आमच्याकडे आले. बायकोने मला दुपारीच केलरमध्ये पाठवून डिनर सेट वर आणवला होता. “माझ्याकडे बघू नका,” ती म्हणाली, “पाहुणे येतायत.” छापील कागद काढताना कन्येला त्यावरची एक जुनी जाहिरात सापडली आणि तिला फार हसू आलं. मला नाही आलं.

टीव्हीवर तिकडचं मैदान, हिरवंगार, आणि आम्ही सोफ्यावर, मांडीवर वाट्या. गुणांचा हिशोब कन्येकडे. पहिल्या तासात आमच्या म्हाताऱ्याने हातात आलेला चेंडू सोडला. मी ओरडलो, कन्या म्हणाली, “पाइनलिश.” तगडा पळत होता, झेलत होता, उड्या मारत होता. दर वेळी मला दही खाणाऱ्या बाई दिसत होत्या.

“हा त्याच्याकडे आहे?” त्यांच्या पत्नीने विचारलं.

“हो,” ते म्हणाले. “आमच्याकडे येणार होता. हा माणूस नाडी बांधत होता.”

मग कन्या म्हणाली, जर्मनमध्येच, पण हळू, की पापा, तगड्याचे गुण दाढीवाल्याला मिळतच नाहीयेत. आम्ही सगळे तिच्या फोनवर वाकलो. दाढीवाला उरलेली रजा संपवायला आदल्या आठवड्यातच कुठल्यातरी बेटावर गेला होता, आणि जाताना त्याने संघ जसाच्या तसा ठेवला होता. तगडा आदल्या रविवारी दुखापतीमुळे बाहेर होता, म्हणून त्याला राखीवांत बसवलेलं, आणि तो तिथेच बसून होता. सबंध मैदान गाजवत होता आणि कागदावर बाकावर बसून होता.

मी हसू लागलो. ते हसले नाहीत. “अजून संपलेलं नाही,” म्हणाले.

खरंच संपलं नव्हतं, कारण आमच्या संघाने तेवढ्यावरही हरायची तयारी ठेवली होती. शेवटी फरक इतका थोडा पडला की आमच्या म्हाताऱ्याचा एकच झेल वजा केला असता तर कंदील आमचा. एकच झेल, तोही जमिनीवर लोळत घेतलेला. तीन पहिल्या फेरीचे हक्क आणि एक झेल. मी आजही कुणाला सांगू शकत नाही की तो सौदा शहाणपणाचा होता की नव्हता. बायकोला विचारलं तर ती म्हणते, “झालं ना एकदाचं.”

सामना संपल्यावर त्यांनी नॅपकिनची नीट घडी घातली, ताटलीजवळ ठेवली आणि विचारलं, “ते पिवळं गोड अजून थोडं आहे का?”

शेवटच्या दिवशी कंदील त्यांनी स्वतः खाली नेला. मी नेतो म्हटलं तर ऐकेनात. दोन्ही हातांत धरून, जिन्याने, तळमजल्यापर्यंत. दाढीवाला अजून बेटावरच होता, त्याच्या कीबोर्डवर ठेवून आले. मग खोकं भरलं, कप, कुंडी, घड्याळ. ओल्या फडक्याने टेबल पुसलं. दोन टेबलांच्या सांध्यावर कंदिलाच्या तळाचा गंजाचा गोल उमटला होता, अर्धा त्यांच्या बाजूला, अर्धा माझ्या. त्यांनी आपला अर्धा बराच वेळ घासला. निघाला नाही. श्रीखंड खाऊन, सगळ्यांशी हात मिळवून ते दारापर्यंत गेले आणि मागे वळले. टेबलाकडे बघितलं. माझ्याकडेही. मी नाडी बांधत असल्याचं दाखवलं. ते मोठ्याने हसले, मी त्यांना इतक्या वर्षांत तसं हसताना पाहिलं नव्हतं, आणि गेले.

पुढचं वर्ष आलं. इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहत होतो ते हेच, पण माझ्या हातात पहिल्या फेरीचा एकही हक्क नव्हता. नवे रिसीव्हर रांग लावून दुसऱ्यांच्या दारात गेले. बांधलेल्या पिंढरीचा खेळातून निवृत्त झाला, आणि त्याच्यामागून तो म्हाताराही. मी एकटाच संघ चालवत होतो, एकटाच हरत होतो, आणि कॅन्टीनमध्ये पुन्हा बटाटा.

डिसेंबरात दाढीवाल्याने कंदील वर आणून दिला. टेबलांच्या सांध्यावर ठेवला तर तो गंजाच्या गोलात बरोबर बसला. तेवढ्यात खरेदी विभागातल्या बाई कप घेऊन उभ्या राहिल्या. आता तळाला मी, म्हणजे पहिला हक्क पुन्हा माझा. “त्याच्या बदल्यात पुढच्या वर्षीचे दोन देते,” त्या म्हणाल्या.

“नको,” मी म्हणालो, आणि या वेळी जागचा हललो नाही.

त्या गेल्यावर मी कंदिलाचा फोटो काढून माझ्या निवृत्त भागीदाराला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. उत्तर दहा वाजता आलं, सफरचंदाच्या वेळी.

‘तो अर्धा अजून माझ्या बाजूला आहे. सरकव.’

मी सरकवला.